गुलाबी भाकरी

द्वारकाबाईंनी पिठात विहिरीचं पाणी ओतलं आणि पीठ गुलाबी झालं. कारखान्याचं विष विहिरीत झिरपलं, तेव्हा कारखान्यानंच जमिनीत टोचलेलं औषध ते विष खायचं, आणि विष असेतो पाणी गुलाबी ठेवायचं. पाडव्याला पाणी नितळ झालं, म्हणून गावानं विहिरीवर नारळही फोडला होता. म्हणजे मेल्यांनी पुन्हा घाण मुरवली, आणि गुपचूप पुन्हा औषधही टोचलं!

त्यांनी त्याच पिठाची भाकरी भाजली आणि तडक कारखान्याच्या साहेबांसमोर नेऊन आपटली.

"रंगाचीच तक्रार ना, बाई?" साहेब हसले. "पुढच्या खेपेला बिनरंगाचं औषध सोडतो."

द्वारकाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडून त्यांच्या तोंडापाशी धरला.

"मग डोळे मिटा आणि खा साहेब! आता कुठं दिसतोय रंग?"