डोमाचा नेम

फट् असा आवाज झाला आणि विमलाबाईनं मुठीतला खडा टिनावर हाणला. टण्ण!

"लागला का?" खाटेवरून डोमानं विचारलं.

"लागला जी. बरोबर मधात."

"मले वाटलं डावीकडं गेला."

"मी इथं उभी आहो नं? मले दिसते का तुमाले?"

डोमाच्या घरात खोटं बोलायचं खातं विमलाबाईकडं होतं आणि तिनं ते चोख सांभाळलं होतं. काचबिंदूनं डोमाचे डोळे खाल्ले होते. परसातल्या मुंगन्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, झाडाला टांगलेला तेलाचा टिन त्याला दिसत नव्हता. टिन सोडा, शेंगांनी लगडलेला मुंगनाही दिसत नव्हता. छर्रे कुठं जात कोण जाणे. टिनाला भोक नाही, भिंतीला खरचटा नाही, शेजारच्या मंगलाबाईच्या कोंबड्याही सुखरूप.

ही छर्र्याची बंदूक डोमाच्या आयुष्यात फार उशिरा आली. पोरवयात त्यानं आणि दोस्त भोजराजनं भंडाऱ्यातल्या एका दुकानाच्या काचेला नाक लावून ती पाहिली होती. लाकडी दस्ता, निळसर नळी. भोजराजचा बाप किराणावाला, त्यानं घेऊन दिली. डोमाचा बाप मजूर, त्यानं कानफटात दिली. हौस दोघांची सारखी, म्हणून दोस्तांनी कामं वाटून घेतली. भोजराजनं मारायचं आणि डोमानं टिन उभा करायचा.

एकदा डोमा टिनापासून हटायच्या आतच भोजराजचं बोट दाबलं गेलं. तो छर्रा कोपराखाली कातडीत कायमचा राहिला, मुगाच्या दाण्याएवढा. लग्नानंतर विमलाबाईच्या बोटांना तो लागला तेव्हा डोमा हसला होता. "बंदूक नाही भेटली, पण गोळी तं भेटली!"

पुढं भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा निघाला तेव्हाही त्याचं तेच. "जिल्ह्याची वाटणी झाली, माह्या वाट्याची बंदूक कोठी गेली?"

अखेर वरठीच्या स्टील प्लांटमधून तो निवृत्त झाला आणि अश्विननं बापाला ती आणून दिली. म्हातारा तिला तान्ह्या लेकरासारखा जपू लागला. रोज तेल, रोज फडकं. एकदा नातीनं, प्रतीक्षानं, गंमत म्हणून नुसताच घोडा दाबला, तर लाडक्या नातीवर तो आयुष्यात पहिल्यांदा ओरडला. "रिकामी चालवाची नाही! छर्रा नसला का आतली स्प्रिंग मरते!" त्या रात्री पोरगी रडत झोपली आणि म्हातारा जेवला नाही.

मग डोळे गेले. एका दुपारी "लागला का?" असं त्यानं विचारलं आणि ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली विमलाबाई खरं बोलून गेली. "नाही जी." डोमानं बंदूक फडक्यात गुंडाळली आणि भिंतीकडं तोंड करून पडला. दुसऱ्या दिवशी उठला नाही, तिसऱ्या दिवशी बोलला नाही. ताट जसंच्या तसं परत येऊ लागलं.

जुने छर्रे संपले होते. विमलाबाईनं भोजराजला सांगून भंडाऱ्याहून नवी डबी मागवली, नवऱ्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "मले ओट्यावरून बरोबर दिसत नाही. मी टिनाजवळ उभी राहून सांगत जाईन."

"तिकडं कायले जाते? छर्रा लागन."

"लागन तं लागन. तुमचा एक आहे, माहा एक होईन."

डोमाचा अंगठा कोपराखालच्या छर्र्यावर फिरला. मग त्यानं डबी कानाशी धरून खुळखुळ वाजवली, पाठ वळवून बंदूक दुमडली, मिटवली आणि नेम धरला. फट्. टण्ण.

त्या दुपारी त्यानं भात दुसऱ्यांदा मागितला.

तेव्हापासून हा रोजचा कार्यक्रम झाला. आधी डबीची खुळखुळ, मग फट्, मग टण्ण, मग "लागला का?" हळूहळू बंदुकीचा आवाज बसत गेला, म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखा झाला. धान कापून चुरून झालं, थंडी वाढली, आणि एका पहाटे डोमा झोपेतच गेला. आदल्या दुपारीही त्याचा नेम लागला होता.

तेरवी झाल्यावर भोजराज आला. खुर्चीत बसून इकडचं तिकडचं बोलला आणि शेवटी म्हणाला, "वहिनी, बंदूक मले द्या. दोस्ताची आठवण राहीन."

विमलाबाईनं ती आणून दिली. देताना तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्याला पदर लागला. "भाऊजी, कोणाले सांगू नका. त्याईचा एकबी लागत नव्हता. खडे मी मारत होती. पण गेले तं खुशीत गेले, समजलंच नाही त्याईले."

"तुमीबी लय पक्क्या, वहिनी!" भोजराजनं बंदूक मधोमध दुमडून नळीतून उजेडाकडं पाहिलं. मिटवली, घोडा दाबला. आतून नुसता सुस्कारा निघाला. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"स्प्रिंग मेली इची. कोणं रिकामी चालवली?"

"रिकामी? अन् त्याईच्या राज्यात? नातीले हात लावू दिला नाही त्याईनं."

"एका-दोन डावानं नाही मरत, वहिनी. रोज चालवा लागते रिकामी."

विमलाबाईला रागच आला. "काहीबी काय बोलता? तुमीच आणलेल्या डबीतले छर्रे भरत होते. थांबा, दाखवते."

खुंटीवर डोमाचा सदरा अजून तसाच होता. त्याच्या खिशातून तिनं डबी काढली, भोजराजच्या कानाशी खुळखुळ वाजवली आणि झाकण उघडायला नख लावलं.

नख चिकटपट्टीला अडलं. दुकानातली पट्टी झाकणाभोवती गोल फिरून जिथं सुरू झाली तिथंच येऊन चिकटलेली होती, कुठंही न फाटलेली.