धाकट्यांची कार्डं

कर्मचाऱ्यांच्या मुलांची आरोग्य कार्डं छापायची होती. सगळ्यांनी भरलेले फॉर्म एका एक्सएमएल फाइलमध्ये होते. प्रत्येक कुटुंबाच्या पोटात त्याची मुलं. डेटाबेसवाल्याच्या कोडने प्रत्येक कुटुंबातलं फक्त पहिलं मूल वाचलं आणि कंपनीतली यच्चयावत धाकटी पोरं बिनकार्डाची राहिली.

"मी घरात तिसरा," साहेब शांतपणे म्हणाले. "तुझ्या हिशेबाने मी जन्मलोच नाही."

डेटाबेसवाल्याने कान पकडले आणि एक ओळ बदलली. संध्याकाळपर्यंत सगळ्या धाकट्यांची कार्डं निघाली. निघालं नाही ते एकच, त्याच्या स्वतःच्या धाकटीचं. त्याने फाइलमध्ये आपलं कुटुंब शोधलं. कोड आता अगदी बरोबर होता. फॉर्म भरताना त्यानेच थोरलीच्या नावाखालचा रकाना कोरा सोडला होता.

घरी धाकटी दारातच उभी होती. "बाबा, ताईचं कार्ड आलं, मग माझं का नाही? तुमचा प्रोग्राम अजून बिघडलेलाच आहे का?"



"हो गं बाळा," बुटाच्या नाडीवरची नजर वर न करता तो म्हणाला, "अजून बिघडलेलाच आहे."