तहानलेला शालू

"काका, पाण्यावाचून रडणारी ही बाई भरजरी शालू नेसून का बसली?" मैत्रिणींनी पैज लावल्ती, म्हणून टेंभुर्णीच्या चौकात प्रचाराचा माहितीपट चालू असताना मी उठून विचारलंच.

"खाली बस, पोरी! तिच्या गावात आठ दिवस टँकर न्हाई," प्रचारवाले काका ओरडले. पदरानं तोंड झाकून रडणाऱ्या त्या बाईला पाहून माझ्या अण्णांनी डोळे पुसले. "आता आपलं मत नक्की यांनाच!"

घरी येऊन मी ट्रंकेतून आईचा तोच शालू काढून अण्णांपुढं ठेवला. तो नेसूनच आई ताईच्या पाठवणीला रडल्ती, अन् लग्नाच्या शूटिंगवाल्यानंच आता हा माहितीपट बनवलाय.



"आई, अण्णा, ऐका! माझं लग्न निवडणुकीच्या साली करायचं न्हाई, म्हंजे न्हाईच!"