या नावाचं कोणी नाही

पावणेतीन. पोस्टाची खिडकी तीनला बंद होते. आज सातवा दिवस.

तानाबाईंच्या पुढ्यात पैंजणांचा ढीग. समोर सून, राधिका, एकेक घुंगरू कडीत अडकवते आहे. हुपरीत दुपारी घरोघरी हेच चालतं.

सात दिवसांपूर्वी नवा पोस्टमन दारात आला. जिल्हा परिषदेचं रजिस्टर पत्र होतं. संयोगिता आनंदराव चौगुले इथंच राहतात का, त्यानं विचारलं. सून पाण्याला गेली होती.

"या नावाचं कोण न्हाय हितं," तानाबाई म्हणाल्या.

मग सात दिवस पोस्टात ठेवतो, कुणी निघालं तर घेऊन जावं, असं म्हणून त्यानं सायकल वळवली.

खोटं नव्हतं. चार वर्षांपूर्वी लग्नात ताटभर तांदळात अंगठीनं 'राधिका' लिहिलं गेलं. मुलगा कृष्णात, म्हणून सून राधिका. नाव तानाबाईंनीच काढलेलं. त्यानंतर जुनं नाव या घरात कुणी घेतलं नाही. तानाबाईंचं स्वतःचंही असंच झालं होतं. जोतिबाच्या यात्रेत सख्खा भाऊ मागून माहेरच्या नावानं 'बायडे, ए बायडे' ओरडत राहिला आणि त्या पुढं चालतच राहिल्या. सासरी जाऊन बहिरी झाली, असं भाऊ अजून चिडवतो. सगळे हसतात. त्याही हसतात.

सायकल वळेपर्यंत खोटं नव्हतं.

वळली आणि आठवलं. सुनेनं मास्तरणीच्या नोकरीचा अर्ज केलाय. डी.एड.च्या कागदावर माहेरचं नाव आहे. पोस्टमन कोपऱ्यापर्यंतही गेला नव्हता. हाक ऐकू गेली असती.

नोकरी लागली की कुठल्या तरी डोंगरातल्या शाळेवर जाणार. मग समोरची ही जागा रिकामी.

हाक मारली नाही.

तेव्हापासून सून रोज विचारते, आत्या, टपाल आलतं का. त्या रोज न्हाय म्हणतात. काल विचारलं नाही. काल नुसतंच दाराकडं बघून तिनं घुंगरांची वाटी पुढं ओढली.

तीनला दहा कमी. पोस्ट पाच मिनिटांवर.

तानाबाईंनी चिमटा खाली ठेवला. राधिके म्हटलं असतं तर सुनेनं लगेच मान वर केली असती. पण पत्र राधिकेचं नव्हतं.

"संयोगिता."

सून घुंगरू अडकवत राहिली. एक. आणखी एक.

"संयोगिता."

आता तिचा हात थांबला. चेहरा एकदम उजळला. पदर सावरत ती अर्धवट उठली.

"माझ्या माहेरचं कोण आलंय व्हय, आत्या?"

ती दाराकडं बघत होती. दारात कोणी नव्हतं.