दुसरा गिअर

अण्णा आम्हा सगळ्यांना विसरले, जुन्या जीपचा गिअर मात्र विसरले नाहीत. रोज संध्याकाळी मी त्यांना अंगणातल्या बंद जीपमध्ये बसवायचे. दुसरा गिअर महाहट्टी. दांडी आधी स्वतःकडे ओढायची, गुडघ्याने ढुशी द्यायची, एक शिवी हासडायची, तेव्हा तो पडायचा. मग अण्णा माझ्याकडे वळून म्हणायचे, "ठमे, दार नीट लाव." दिवसभरात तेवढ्यापुरती मी त्यांची लेक असायचे. ओढाताणीत त्यांचा खांदा दुखावला, म्हणून मी मेकॅनिकला बोलावलं. त्याने दांडीखालचे झिजलेले बुश बदलले, जुने भंगारात टाकले. "आता करंगळीनेसुद्धा पडेल," तो म्हणाला. त्या संध्याकाळी अण्णांनी दांडी ओढली, गुडघा उचलला. गिअर आधीच पडला होता. शिवी ओठांतच राहिली. मग आमच्याच दाराकडे बघत ते अदबीने म्हणाले, "बाई, ही गाडी आमची नाही. मला घरी सोडता का?"