चांगल्या कामाचं माप

“चांगलं काम कशावरून मोजायचं, ते तुमचं तुम्हीच ठरवा,” असं म्हणून मालक निघून गेले आणि शिलाईच्या खोलीत जुंपली. कॉलरवाली म्हणाली, सफाई बघा. बटणवाली म्हणाली, नग मोजा. इस्त्रीवाला म्हणे, वेळेवर कोण येतं ते धरा. प्रकरण हमरीतुमरीवर आलं, तेव्हा नेहमीप्रमाणे शिलाईवाल्या काकूच मधे पडल्या. “अरे, तिघांचंही धरा की!”

झालं, तिघांची तोंडं उजळली. कुणाचं अडलेलं मशीन सोडव, कुणाची चुकलेली शिवण उसवून दे, यातच काकूंचा दिवस जायचा. ते कशात धरायचं, हे कुणालाच सुचलं नाही. काकूंनाही नाही.

महिनाअखेरीस काकू सगळ्यांत खाली.

“खालच्या एकाला काढावंच लागेल,” मालक म्हणाले. तिघंही खवळून उठले. “हे माप खोटं आहे! काकू गेल्या तर आम्हीही चाललो!”

“चला, व्हा चालते!” मालकही तडकले.

पण काकूंची सवय जाते कुठे. त्या मधे पडल्या.

 

“भांडू नका रे. माप बरोबरच आहे.”