बरणीचं झाकण

दोघी बहिणींना एकच आजार होता. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटून बोटांची कातडी लाकडासारखी टणक झाली होती. बरणीचं झाकण उघडेनासं झालं, की दोघी पोट धरून हसायच्या. मग डॉक्टरांनी धाकटीच्या मूलपेशी काढून घेतल्या, बिघडलेली प्रतिकारशक्ती औषधांनी संपवली आणि त्याच पेशी तिला परत दिल्या. थोरलीच्या फुप्फुसांपर्यंत आजार पोचला होता; त्यांना हा उपचार सोसवणार नव्हता. बरी झालेली धाकटी भेटायला आली, कॉफी करू लागली आणि बोलता बोलता बरणी उघडून मोकळी झाली. “दुखलं नाही?” थोरलीनं विचारलं. “अजिबात नाही, ताई!” “खोटं तरी बोलायचंस.” धाकटीचा चेहरा उतरला. “तुला आनंद नाही झाला?” “झाला की. पण जळतेय मी, हेही खरं.” धाकटीनं तिचे ताठ हात आपल्या हातांत घेतले. थोरलीनं ते सोडवले नाहीत, पण तिच्याकडे बघितलंही नाही.